भीमेकाठून दिगूला

सोलापूर,
१९ जानेवारी

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

"पाणमांजरं दिसली ती जागा नेमकी कुठं, लोकेशन टाक," असं तू दोनदा लिहिलंस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. तुला राग आला हे वहिनींच्या बोलण्यावरून कळलं. तुझ्यापासून मी काही लपवावं अशी वेळ चाळीस वर्षांत आली नव्हती, म्हणून तुला लागलं असणार. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळे आज दुकानात कुणी फिरकलं नाही. मोटार वाइंडिंगची टेबलं पुसली, चहा केला आणि लिहायला बसलो.

आधी काय दिसलं ते सांगतो.

डिसेंबरात एका शेतकऱ्याची साडेसात एचपीची मोटार जळाली. उसाला पाणी द्यायची घाई, म्हणून संध्याकाळीच गेलो. धरणातून सोडलेल्या पाण्याचं आवर्तन संपून नदी उतरली होती, पाईपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतून बसलेला. अंधार पडेपर्यंत पाईप सुटेना, तेव्हा वस्तीवरच मुक्काम केला. पहाटे थंडीनं जाग आली. नदीवर धुकं इतकं दाट, की पलीकडचा काठ दिसत नव्हता. खाली शिवाप्पामामा जाळं आवरत होते. म्हातारा जन्मभर भीमेत मासे मारत आलाय, घरी कानडी बोलतो, आपल्याशी मराठी. त्यांनी मला हातानंच खाली बसायची खूण केली आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, हलू नका. नीरुनायी आल्यात." पाणमांजराला ते कानडीत असं म्हणतात.

आधी आवाज आला. शिट्टी म्हणावी तर शिट्टी नाही, पाखराची चिवचिव म्हणावी तर तशीही नाही. बारीक, थरथरता आवाज, पाण्यालगत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकणारा. मग धुक्यातून एक चपटं डोकं वर आलं, त्यामागं दुसरं, तिसरं. मोजली तर सहा. चार मोठी ओळीनं कमानीसारखी पसरून प्रवाहाच्या उलट दिशेनं येत होती, आणि त्यांच्या पुढं पाण्यात नुसता खळबळाट. मासे उड्या मारत होते, दिगू. आपण लहानपणी ओढ्यात चादर धरून मासे एका कोपऱ्यात हाकलायचो ना, तसंच, पण त्यांच्या हातात चादर नव्हती.

त्यातलं एक माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवरच्या खडकावर चढलं. तोंडात चिलापी मासा, चांगला वीतभर. पुढच्या दोन पंजांत तो धरला आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. काटे मोडल्याचा कुर्रकुर्र आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मिशा जाड, पांढरट, पाण्याचे थेंब धरलेल्या. अंग पाण्याबाहेर आल्यावर एकदा झटकलं आणि लगेच मखमलीसारखं दिसायला लागलं. शेपूट मुळाशी जाड आणि टोकाकडं चपटी होत गेलेली. खाऊन झाल्यावर ते वाळूत गेलं आणि गाढव लोळतं तसं लोळलं, पाठ घासली, पोट घासलं. मग आईनं एका पिल्लाला मानगुटीला धरून पाण्यात ओढलं. पिल्लू किंचाळत मागं सरत होतं. पाण्यातल्या जनावराचं पिल्लू पाण्याला भितं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिनं त्याला तीनदा पाण्यात नेलं, तीनदा ते काठाला आलं, चौथ्यांदा तिच्यामागं पोहत गेलं.

सूर्य वर आला, धुकं फाटलं, तशी ती पलीकडच्या वेड्या बाभळीच्या मुळांत शिरली. मी तिथंच बसून राहिलो. मामांनी विचारलं, "काय झालं?" मला बोलता येईना. मला तुझ्या मामाच्या गावचं ते पाणमांजर आठवत होतं.

तूही ते विसरला नसशील. १९८३ ची उन्हाळ्याची सुट्टी, आपण दोघं बारा वर्षांचे. जाळ्यात अडकलेलं ते जनावर काठावर ओढून आणलं होतं आणि माणसं त्याला वल्ह्यानं मारत होती. जाळं फाडलं म्हणून. तू मधे पडलास तर तुला कुणीतरी बाजूला ढकललं. ते मेल्यावर मी त्याच्या अंगाला हात लावला होता. वरचे केस ओले होते, पण बोट आत घातल्यावर आतली लव कोरडी लागली, आणि उबदार. त्या रात्री नदीवर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. आपण दोघं अंगणात जागे होतो आणि कुणीच काही बोललं नाही. डिसेंबरातल्या त्या पहाटे मी तीच शिट्टी ऐकली. ती पिल्लाची हाक असते, दिगू. आईला बोलावण्याची.

सायलीला हे सगळं सांगितलं. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय हे तुला माहीतच आहे. सुट्टीत आली तेव्हा बापलेक दोघं त्या खडकावर गेलो. तिथं काळपट विष्ठा पडलेली होती, माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची. पोरीनं ती काडीनं उचलून डबीत भरली आणि घरी गाळणीखाली धुतली. खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे, एका बेडकाची हाडं. "बाबा, ही त्यांची पाटी आहे," म्हणाली, "हा आमचा भाग, आम्ही इथं राहतो, असं लिहिलेली." एकाच खडकावर पुन्हा पुन्हा विष्ठा टाकून, लोळून वास सोडून ती आपला टापू सांगतात. आपण डोळ्यांनी वाचतो, ती नाकानं.

तिच्याकडून बऱ्याच गोष्टी कळल्या, त्यातल्या थोड्या तुला सांगतो. भारतात पाणमांजरांच्या तीन जाती. आपल्या भीमेतलं हे मऊ कातडीचं, इंग्रजीत स्मूथ-कोटेड ऑटर. सात ते अकरा किलोचं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चार फुटांच्या आसपास. दुसरी जात छोट्या नखांची, ती कोकणात आणि पश्चिम घाटातल्या ओढ्यांत. तिसरी युरेशियन. २०२५ च्या एप्रिलमध्ये इंदापुरात विहिरीतून जे पाणमांजर बाहेर काढलं, ते या तिसऱ्या जातीचं होतं. इंदापूर म्हणजे आपल्यापासून दीड-दोन तासांवर, विचार कर. नावानं मांजर असलं तरी मांजराशी याचं काही नातं नाही. उदमांजर म्हणजेही हे नव्हे, ते झाडावर चढणारं वेगळंच जनावर, पेपरवाले नेहमी घोळ घालतात. आपण मराठीत याला मांजर केलं, मामांच्या कानडीत याचा पाण्यातला कुत्रा झाला. आणि खरं तर ते दोन्ही नाही.

समुद्रातल्या सीलला चरबीचा जाड थर असतो. पाणमांजराला तो नसतो. त्याची ऊब सगळी त्या केसांत. वरचे राठ केस पाणी अडवतात, खालची दाट लव हवा धरून ठेवते, म्हणून आत कातडीला पाणी लागतच नाही. माझ्या बोटांना १९८३ मध्ये जी कोरडी ऊब लागली ती हीच. बुडी मारताना कान आणि नाकपुड्या मिटतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो, तिथं मिशा काम करतात. मासा हलला की पाण्यात लाट उठते, ती मिशांना कळते. भीमेसारख्या गढूळ नदीत हे जनावर जगतं ते त्या मिशांवर.

कुटुंब म्हणजे एक नर, एक मादी आणि त्यांची मागची-पुढची पोरं. चालतं मादीचं. दोन महिन्यांच्या आसपास गर्भ राहतो, एका वेताला दोन ते पाच पिल्लं. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, दहाएक दिवसांनी उघडतात. बिळात बापही मासे आणून देतो. हे ऐकताना शिवाप्पामामा म्हणाले, "ते मला ठाऊक आहे की. मी बघितलाय ना, तोंडात मासा धरून बिळाकडं जाताना." पोरीनं वहीत लिहून घेतलं. पुस्तकात लिहिलेलं या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

मामांच्या तक्रारीही खऱ्या आहेत, त्या मी उडवून लावणार नाही. तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, एक जाळं हजारांच्या घरात जातं. पाणमांजर जाळ्यातला मासा खाताना जाळं फाडतं, मामांच्या हाती भोकं उरतात. पूर्वी ते चिडून दगड मारायचे. आता जाळं रात्रभर ठेवत नाहीत. संध्याकाळी लावतात आणि मध्यरात्रीनंतर उठून काढतात. या वयात थंडीत दोन वाजता पाण्यात उतरणं सोपं नाही. मी विचारलं, एवढं कशासाठी? ते म्हणाले, "ज्या डोहात हे नसतं तिथं मासाच नसतो. मी बघून आलोय." त्यांचा हिशेब साधा आहे. सायलीनं त्यात एक भर घातली. केरळात पेरियारच्या जलाशयात अभ्यास झाला, तिथल्या पाणमांजरांच्या खाण्यात चिलापी आणि सायप्रिनस यांचाच मोठा वाटा निघाला, म्हणजे बाहेरून आणून सोडलेले मासे. आपल्या उजनीत चिलापी किती माजलाय हे भिगवण ते टेंभुर्णीपर्यंतच्या कुठल्याही हॉटेलात कळतं. मरळ, वाम हे आपले जुने मासे त्यापुढं मागं पडले. आता कोण कोणाचं नुकसान करतंय, तूच ठरव.

आता तुझ्याशी थोडं स्पष्ट बोलतो. तू पिंपरीत राहतोस. तुझ्या मोरीतलं पाणी पवनेत जातं, पवना मुळेला, मुळा-मुठा मिळून भीमेला, आणि भीमा उजनीला. १९८० साली ते धरण पुरं झालं, ११७ टीएमसी पाणी मावतं त्यात. पण पुण्याकडच्या शहरांचं कितीतरी सांडपाणी न शुद्ध होताच तिथं येऊन साचतं. उन्हाळ्यात बॅकवॉटरवर हिरवी साय चढते. तेच पाणी आवर्तनात खाली सुटतं, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकरी त्यात उतरतात, पुढं टाकळीला आपल्या सोलापूरच्या नळासाठी ते उचललं जातं. आमच्या नळाला ते चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा आई आधी ते तांब्यात धरून उजेडाला बघते. तुझ्या मोरीतून माझ्या आईच्या तांब्यात. आणि मधे कुठंतरी त्या पिल्लाची शिकवणी चालू असते. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. मीही मोटारीचं जुनं ऑइल वर्षानुवर्षं दुकानामागच्या गटारात ओतत आलो. सायलीनं सांगितलं, तेलकट घाण त्या केसांवर बसली की लवेतली हवा टिकत नाही, जनावर गारठतं. त्या दिवसापासून ऑइल डब्यात भरून ठेवतो आणि भंगारवाल्याला देतो. वीस वर्षांचं ओतलेलं काही परत येणार नाही, पण आता ओतत नाही.

उसाच्या फवारणीचंही तसंच. फवारलेलं पावसात वाहून नदीत येतं. काही विषं चिखलात, चिखलातून किड्यात, किड्यातून माशात जातात, आणि मासे खाणाऱ्याच्या अंगात साचत जातात. इंग्लंडात १९५० च्या दशकाच्या शेवटी नद्यांमधली पाणमांजरं भराभर संपत गेली. कारण शोधताना डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांपर्यंत लोक पोचले. ती बंद झाल्यावर, नद्या सुधारल्यावर, हळूहळू ती परतली. २०११ पर्यंत इंग्लंडातल्या प्रत्येक परगण्यात त्यांच्या खुणा सापडल्या. पन्नास वर्षं लागली. सिंगापूरचं तर याहून नवल. तिथली नदी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं झाडून-पुसून साफ केली. १९७० च्या दशकात दिसेनाशी झालेली पाणमांजरं १९९८ मध्ये परत आली. आज ती उंच इमारतींच्या पायथ्याशी पिल्लं घेऊन फिरतात, आणि ती आपल्याच जातीची, मऊ कातडीची. म्हणजे या जनावराला जंगलच पाहिजे असं नाही. स्वच्छ पाणी, मासे, बिळासाठी न खणलेला काठ आणि थोडी शांतता, एवढं मिळालं की ते गावाच्या शेजारी राहतं.

काठाचं तेवढं आपल्याकडं कठीण झालंय. वाळूसाठी रात्री नदीचं पात्र खरवडतात. सीना नदीचं तर काय उरलंय ते तू, ती भीमेला मिळते तिथं, कुडलच्या संगमावर बघितलंस. ज्या वाळूत लोळून ती अंग कोरडं करतात ती ट्रॅक्टरनं गेली, की दुसरी वाळू कुठून येणार?

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी दुसऱ्या एका डोहावर मला दोन पाणमांजरं दिसली होती. तेव्हा मला इतका आनंद झाला, की व्हिडिओ काढला आणि गावाचं नाव लिहून तीन ग्रुपवर टाकला. रविवारी तिथं तीसेक पोरं मोटारसायकलींवरून आली. एकानं ड्रोन आणला होता. कुणीतरी कुत्री आणली. बिळाच्या तोंडाशी जाऊन काठ्या घालून बघितलं. मी पोचलो तेव्हा काठावर चिप्सची पाकिटं होती, बेशरमाची झुडपं तुडवलेली होती आणि पाण्यावर काहीच नव्हतं. पुढं दोन महिने मी दर आठवड्याला गेलो. खडकावरची विष्ठा वाळून पांढरी झाली, त्यावर नवी पडली नाही. ती कुठं गेली, त्यांच्या बिळात पिल्लं होती का, मला कळलं नाही. १९८३ मध्ये वल्हं दुसऱ्यांच्या हातात होतं, दिगू. गेल्या वर्षी मोबाइल माझ्या हातात होता. म्हणून आता मी कुणालाच जागा सांगत नाही. तुलाही नाही. तुझ्यावर अविश्वास नाही. पण तू मुलाला सांगशील, मुलगा मित्राला, आणि त्या मित्राला मी ओळखत नाही.

कायदा त्यांच्या बाजूनं आहे, वन्यजीव संरक्षण कायदा. २०१९ मध्ये जगातल्या देशांनी मिळून या जातीच्या व्यापारावर कडक बंदीही आणली, कारण कातड्यासाठी आणि पाळायला म्हणून तिची चोरटी विक्री चालायची. कर्नाटकात तुंगभद्रेवर २०१५ पासून खास पाणमांजरांसाठी राखीव क्षेत्र आहे, नदीचा तीसएक किलोमीटरचा पट्टा. आपली भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तुंगभद्राही पुढं त्याच कृष्णेला. एकाच नदीच्या दोन लेकी, एकीच्या काठी राखण आहे, दुसरीच्या काठी शिवाप्पामामा रात्री दोनला उठतात. सायली म्हणते, इथंही असं काही व्हावं म्हणून आधी नोंदी पाहिजेत, किती आहेत, कुठं पिल्लं घालतात, कुठला डोह उन्हाळ्यात टिकतो. म्हणून मी एक वही घातलीय. मोटार काढायला जिथं जातो तिथं काठावर दहा मिनिटं फिरतो, खुणा बघतो, तारीख लिहितो. पाऊलखूण पाच बोटांची असते, मधे पडद्याची पुसट रेघ. आतापर्यंत अकरा ठिकाणं पाहिली, चारवर ताज्या खुणा. ही वही तू आलास की तुला दाखवीन, ग्रुपवर नाही.

तेव्हा ये. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ये, पुढचं आवर्तन सुटायच्या आत, पाणी उतरलेलं असतं आणि पहाटे धुकं धरतं. एकटाच ये. मुलाला पुढच्या वेळी. गडद रंगाचा स्वेटर आण, तुझी दुर्बीण आण, आणि अत्तर लावू नकोस, तुला सवय आहे. आदल्या संध्याकाळी वस्तीवर जाऊ. मामांसाठी तंगूसाचं जाळं घेऊन जायचं मी ठरवलंय, निम्मे पैसे तुझे. रात्री मामी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी देतील, तीच खायची. मासा मागायचा नाही, त्या दिवशी मामा जाळं लावणार नाहीत.

पहाटे चारला उठवीन. काठावर चप्पल काढून बसायचं. शिट्टी ऐकू आली की माझ्या हाताला हात लाव, बोलू नकोस.

आईनं तुला आशीर्वाद सांगितलाय आणि वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे ते कळव, वाटेत उतार आहे, त्या हिशेबानं काठी घेऊन ठेवतो.

तुझा,
बंडू